चव हरवल्यानंतरची जेवणं

नाना, तुम्ही गेल्यापासून आपल्या घरात जेवताना कुणी प्रश्न विचारत नाही. पानं वाढली जातात, संदीप मोबाइल बघत जेवतो, मी जेवते, भांडी उचलली जातात. आमटीत काय घातलंय, आधी घातलं की नंतर, कांदा तांबूस होऊ दिला की नुसता मऊ झाल्यावर काढला, यातलं काही कुणाला जाणून घ्यायचं नसतं. परवा तुमचं तेरावं झालं. काल शेवटचे पाहुणे गेले. आज शाळेतून आले, कुकर लावला आणि शिट्टी होईपर्यंत ओट्यापाशी उभी राहून तुमच्याशीच बोलत होते. तेच इथे लिहिते आहे.

भेटायला आलेले लोक तुमचं वय विचारत होते, आजार विचारत होते. मी उत्तरं देत होते. पण कुणी विचारलं, सासरे काय करायचे, की मला बरं वाटायचं. मी सांगायचे, चव घ्यायचे. लोकांना वाटे मी थट्टा करते आहे. मग सांगावं लागे, की सातिवलीला एका मसाल्याच्या कारखान्यात तुमची सगळी नोकरी झाली आणि तिथे तुमचं कामच ते होतं. नव्याने लग्न होऊन आले तेव्हा एकदा तुम्ही मला तो कारखाना दाखवायला नेलं होतं. पत्र्याची शेड, मागे गोदाम, आत मिरच्या आणि धणे भाजण्याच्या भट्ट्या. मी शिंकून शिंकून बेजार झाले. मसाल्याचा घाणा निघाला की त्यातला चिमूटभर तुमच्या तळहातावर यायचा. तुम्ही आधी नाकाशी न्यायचात, डोळे मिटायचात, मग जिभेवर ठेवायचात आणि एकच शब्द बोलायचात, 'पास' किंवा 'परत'. 'परत' म्हटलंत की ती सगळी माणसं मुकाट्याने परत कामाला लागायची. मला तेव्हा तुमची भीतीच वाटली. या माणसाला आता रोज जेवायला वाढायचं!

पण तुम्ही माझ्या जेवणाला कधी 'परत' म्हणाला नाहीत. प्रश्न मात्र विचारायचात. मी साताऱ्याकडची, दाण्याच्या कुटावर वाढलेली, आणि तुम्ही देवगडचे, नारळाशिवाय घास न उतरणारे. "भाजीत कूट का घालतात तुमच्याकडे?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "घालतात." तुम्ही म्हणालात, "ते झालं. पण का?" मला राग आला होता. मग आईला फोन करून विचारलं. तिलाही सांगता आलं नाही.

सासूबाई गेल्या आणि तुमचे प्रश्न बंद झाले. तुम्ही वाळत चाललात. पट्ट्याला नवी भोकं पडली, मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायला लागलं. सकाळी चहा आणि खारी, दुपारी चार घास भात, रात्री "भूक नाही, कपभर दूध दे." आम्ही समजलो, दुःख आहे. संदीप म्हणायचा, "आईशिवाय त्यांना जेवण जात नाही, वेळ द्यायला हवा." मी वेळ दिला आणि त्याबरोबर श्रीखंड दिलं, खीर दिली, पुरणपोळी दिली. रक्तदाब होता म्हणून मीठ कमी केलं. तुम्ही सगळ्याला "ठीक आहे" म्हणायला लागलात. ज्या माणसाने आयुष्यभर 'पास' आणि 'परत' यांच्या मधला शब्द वापरला नव्हता, तो ठीक आहे म्हणत होता आणि तरी आम्हाला काही कळलं नाही.

कळलं ते दुधामुळे. मी शाळेतून आले, माणिकपूरच्या नाक्यावरून नेहमीसारखी भाजी घेऊन. आपल्या जिन्यातच करपल्याचा वास होता. तळमजल्यावरच्या मार्थाबाई दारात येऊन उभ्या होत्या. "मनीषा, तुमच्याकडचं तर नाही ना गं?" मी धावत वर आले, किल्लीने लॅच उघडलं. घरभर निळा धूर. गॅसवर दुधाचं पातेलं काळंठिक्कर पडलेलं, आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत खुर्चीत बसून शांतपणे पेपर वाचत होतात.

"नाना, दूध!"

"कुठलं दूध?"

गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. मी तुमच्यापुढे येऊन उभी राहिले. "तुम्हाला वास नाही आला?"

तुम्ही पेपरची घडी घातलीत, चष्मा काढलात. म्हणालात, "बस जरा."

मी बसले. तुम्ही म्हणालात, "हळूहळू गेला. आधी फुलांचा गेला. मग चहाचा. मला वाटलं सर्दी मुरली आहे. मग एक दिवस तुझ्या सासूने लसणाची फोडणी दिली आणि मला नुसता आवाज आला."

नुसता आवाज आला. नाना, मी मराठी शिकवते, वाक्यं माझ्या हाताखालून रोज जातात, पण असं वाक्य कधी गेलं नव्हतं. मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? आंधळ्याला सांगता येतं, बहिऱ्याला सांगता येतं. याला तर नावसुद्धा नाही."

पण मग तुमच्या डोळ्यांत काहीतरी हललं. कारखान्यात पाहिलं होतं तेच. तुम्ही उठलात आणि बडीशेपेची डबी घेऊन आलात. "नाक दाब," तुम्ही म्हणालात. "घट्ट. आता डोळे मीट आणि हे चाव." मी चावलं. "काय लागतंय?"

"गोडसर," मी नाकात बोलले. "काडी चावल्यासारखं."

"आता नाक सोड."

मी नाक सोडलं, आणि सगळी बडीशेप एकदम आली. डोक्यात कुणी दिवा लावावा तशी. मी डोळे उघडले तर तुम्ही माझ्याकडे वाकून बघत होतात. "हे आत्ता जे आलं ना," तुम्ही म्हणालात, "तेवढंच माझं गेलंय. जीभ आहे. पण जिभेला फार थोडं कळतं बघ. खारट, आंबट, गोड, कडू. लोक ज्याला चव म्हणतात ती सगळी नाकाची कमाई."

घर अजून धुराने भरलेलं होतं आणि आपण दोघं बडीशेप चघळत बसलो होतो. नाक दाबून मी जिरं खाल्लं, ओवा खाल्ला, खोबरं खाल्लं. खोबऱ्याचा तर नुसता भुसा लागला. संदीप रात्री आला तेव्हा मी त्यालाही बसवलं आणि नाक दाबायला लावलं. त्याने डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. तो म्हणाला, "नाना, एवढे दिवस तुम्ही हे असं जेवत होतात?"

डॉक्टरीणबाईंकडे जायला तुम्ही आधी कुरकुर केलीत. तिथे गेल्यावर मात्र तुमच्याच प्रश्नांनी ती तरुण मुलगी बेजार झाली. नाक जातं म्हणजे नेमकं काय जातं? परत येतं का? सगळ्या म्हाताऱ्यांचं जातं की माझंच? तिने नाकाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, गोळ्या तपासल्या, एक बदलली, वजन केलं आणि तोंड उघडायला सांगितलं. तुमची कवळी सैल झाली होती. वजन उतरलं तशा हिरड्याही उतरल्या होत्या. तुम्ही पोळी टाळत होतात ती त्यामुळे, हे तिथे पहिल्यांदा कळलं. ती म्हणाली, वय झालं की वासाची ताकद बऱ्याच जणांची कमी होते, तुमची जास्तच झाली आहे, परत येईल असं मी सांगणार नाही. पण म्हणून जेवण कमी करून चालणार नाही. भूक लागायची वाट बघत बसू नका. थोडं थोडं खा, पण दर वेळी पानात डाळ, अंडं, मासा, दही यातलं काहीतरी हवंच. माणूस वाळतो तेव्हा आधी अंगातलं बळ जातं, मग तोल जातो, मग पडणं. चहा-खारीवर वेळ मारून नेऊ नका. तहान लागली नाही तरी पाणी प्या. आणि मीठ वाढवायचं नाही.

"चव नाही, आणि मीठही नाही," तुम्ही म्हणालात. "मग ठेवलंत काय?"

ती हसली. "ते आता तुम्हीच शोधा. मसाल्याचं काम कुणाचं, तुमचं की माझं?"

तिला कल्पना नव्हती, तिने काय सुरू करून दिलं. रिक्षात बसल्यापासून तुम्ही बोटांवर मोजत होतात. काय काय शिल्लक आहे? आंबट आहे. तिखटाची आग आहे, ती जिभेची नव्हे, कातडीची असते, ती नाक गेलं तरी राहते. पुदिन्याचा गारवा आहे. मोहरी फेसली की डोक्यात चढते, ती आहे. गरम-गार आहे. कुरकुरीत-मऊ आहे. आणि डोळे आहेत. "पिवळं वरण, पांढरा भात, पांढरं दही," तुम्ही म्हणालात, "तू मला दवाखान्याची भिंत वाढतेस बघ."

दुसऱ्या दिवसापासून आपलं स्वयंपाकघर म्हणजे तुमची शेड झाली. कवळी नवी करून घेतलीत. मुगाच्या धिरड्यात पुदिना आणि आलं, कडा कुरकुरीत. दह्यात फेसलेली मोहरी आणि किसलेली काकडी. वरणाला कोकम आणि वरून लसणाचे तळलेले तुकडे, वासासाठी नव्हे तर दाताखाली यायला. अंड्याच्या भुर्जीत डाळिंबाचे दाणे घालायला लावलेत तेव्हा मला वाटलं, आता हद्द झाली. पण तुम्ही बशी संपवलीत. काही प्रयोग फसले. चिंच घातलेली खीर आठवते का? संदीपने ती चाखून सरळ बेसिन गाठलं होतं. तुम्ही मात्र शास्त्रज्ञासारखे दुसरा चमचा घेतलात. म्हणालात, "परत."

आणि मग तो दिवस, ज्या दिवशी तुम्ही जेवता जेवता थांबलात आणि म्हणालात, "मनीषा, वास सांग."

"कशाचा?"

"याचा. आमटीचा. मी खातो, तू वास सांग."

"छान आहे."

"छान म्हणजे काय? शाळेत मुलांनी असं लिहिलं तर किती मार्क देशील?"

मी वाटी नाकाशी धरली. खरंच, त्याआधी मी कधी आमटीचा वास घेतला नव्हता. येतो तो घेतला असेल, पण मुद्दाम नव्हता घेतला. म्हटलं, आधी गोडा मसाला येतो, जरा लाकडासारखा, जुन्या कपाटाच्या आतल्या बाजूसारखा. मग कढीपत्ता. मग मागून गुळाचा, पण तो वाटीच्या कडेला जास्त. आणि हिंग... हिंगाचा फार नाही.

तुम्ही चावणं थांबवलंत. "हिंग किती दिवसांचा आहे? झाकण नीट लागत नसेल." मी उठून बघितलं. डबीला चीर गेली होती.

त्यानंतर रोज दुपारी मी तुमचं नाक झाले. माझी सकाळची शाळा, एकला घरी, दीडला पानं. तुम्ही घास घ्यायचात आणि मी सांगायचे. भाजलेल्या वांग्याचा वास, पाणी मारून विझवलेल्या निखाऱ्यासारखा. कोथिंबीर चिरताना वेगळी आणि आमटीत पडल्यावर वेगळी. ताकाला घुसळल्याबरोबर येतो तो वास मला कितीतरी दिवस शब्दात धरता आला नाही. अजून आलेला नाही. तुम्ही वाद घालायचात, "अगं, मेथीला कडू वास नसतो, कडू जीभ सांगते, नाकाला मेथी गोड लागते, नीट बघ." मी बघायचे आणि तुमचं बरोबर असायचं. साठवलेलं सगळं तुमच्याकडे होतं, फक्त दार बंद झालं होतं, आणि मी बाहेरून एकेक नाव पुकारलं की आत तुम्हाला ते सापडायचं. तुमच्या चेहऱ्यावर कळायचं सापडलं ते. नाना, तुम्ही तेव्हा जेवत होतात की आठवत होतात, हे मला कधी नीट उमगलं नाही. विचारायचं राहून गेलं.

मार्थाबाई त्यात कशा आल्या, हेही सांगायला हवं. त्या निवृत्त शिक्षिका, मुलगा परदेशात, वाडीतलं घर भावाकडे, आणि इथे फ्लॅटमध्ये एकट्या. दुधाच्या प्रसंगानंतर एकदा चौकशीला आल्या तेव्हा आपण जेवत होतो. मी विचारलं, तुमचं झालं का? त्या म्हणाल्या, "माझं काय, चहा-पाव." तुम्ही म्हणालात, "रोज?" त्या म्हणाल्या, "एकटीसाठी भांडी कोण काढणार? एकटीचं जेवण म्हणजे औषध घेतल्यासारखं." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी ताट काढलं. त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या आणि रिकाम्या हाताने कधी आल्या नाहीत. वाडीतली कोवळी वांगी, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी, कधी नाताळचे तळलेले गोड फुगे, ते तर मार्च उजाडेपर्यंत तुम्हाला आठवत होते. जेवणाआधी त्या डोळे मिटून प्रार्थना करायच्या. तुम्ही वरणभात कालवून हात पानातच ठेवून थांबायचात. त्यांनी 'आमेन' म्हटलं की पहिला घास. दोघंही एकटे असताना जेवढं जेवायचात त्याच्या दुप्पट तुम्ही समोरासमोर बसून जेवलात, वाद घालत. त्यांच्या मते व्हिनेगरचा आंबटपणा वरचढ, तुमच्या मते कोकमाचा. तो वाद तुम्ही अर्धाच टाकून गेलात. त्या परवा म्हणाल्या, "तुझे सासरे हरत आले होते गं."

आणि अर्नाळ्याहून टोपली घेऊन येणारी हिरामावशी. तिला तुमच्या नाकाचं काही ठाऊक नव्हतं, पण तुमची कवळी तिने बरोबर हेरली होती. "नाना, कोवले बोंबील हायत. दातांचा कामच नाय. पान्यासारखे जातील." तुम्ही तिला विचारायचात, बोंबील वाळवताना दोरीवर जबड्यात जबडा का अडकवतात, उलटे का नाही. ती हसून लोळायची. "म्हातारा झाला तरी कोन इचारतो असा?" पण पुढच्या खेपेला भावाला विचारून उत्तर आणायची.

हळूहळू तुम्ही भरलात. घड्याळ मनगटावर राहायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी वजनकाट्यावरून मान वर केली आणि म्हणाल्या, "काय खाता हो?" तुम्ही पुढची पंधरा मिनिटं त्यांना ते सांगितलंत. बाहेर पेशंट खोळंबले होते.

आपलं भांडण फक्त मिठावर झालं, आणि ते मिटलं नाही. मी लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली तर तुम्ही स्टुलावर चढलात, या वयात. मी ओरडले. खरोखर ओरडले. तुम्ही स्टुलावरूनच म्हणालात, "म्हाताऱ्याने किती मीठ खायचं ते सगळे सांगतात. म्हाताऱ्याला काय हवंय ते कुणी विचारत नाही." मी म्हटलं, "तुम्हाला काय हवंय?" तुम्ही म्हणालात, "लोणचं." मग आपण दोघंही हसलो, पण बरणी मी खाली दिली नाही. नाना, तुम्हाला वाटतं तेवढी मी खात्रीने वागत नव्हते. औषधासारखं जेवून चार वर्षं जास्त जगावं, की हवं ते खाऊन कमी, याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. मी शेवटी फोडीचा नखाएवढा तुकडा रविवारी द्यायला लागले, तो तुम्ही पानाच्या कडेला ठेवून शेवटपर्यंत पुरवायचात. त्याला तुम्ही तह म्हणायचात. मी म्हणायचे, ही युद्धबंदी आहे, वाद चालूच आहे. चालूच आहे नाना. माझ्या बाजूने मी अजून बोलते आहे. तुमची बाजू कोण मांडणार?

त्या दिवशी, शेवटच्या, मी तुम्हाला न सांगता एक गोष्ट केली. तुमच्या पुतण्याने गावाहून तिरफळांची पुडी पाठवली होती. तुमच्या लहानपणी तुमच्या आई बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे दाटसर तिखट कालवणात, तिरफळं घालायच्या, हे तुम्ही कधीतरी बोलला होतात. आमच्या साताऱ्याकडे हे झाड कुणी बघितलेलं नाही. मी पुतण्याच्या बायकोला फोनवर विचारून तिखलं केलं, तिरफळं ठेचून टाकली आणि वाढायच्या आधी एकूण एक वेचून काढली. बांगड्याचे काटे काढले. मार्थाबाई त्या दिवशी चर्चला गेल्या होत्या. आपण दोघंच होतो.

तुम्ही पहिला घास घेतलात. मी वास सांगायला तोंड उघडलं, आणि तुम्ही हात वर केलात. थांब.

दुसरा घास घेतलात. डोळे मिटलेले. मग म्हणालात, "तिरफळ."

"कशावरून?"

"वास आला."

मी घास हातात धरून बसले. "खरंच?"

"अगं, आला. तिरफळाचा वास आला." आणि तुम्ही भात मागून घेतलात. सगळं संपवून बोटं चाटलीत. वामकुक्षीला गेलात आणि मी चहाला उठवायला आले तेव्हा तुम्ही उठला नाहीत.

डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. मी ऐकत होते, पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. ते लाजिरवाणं वाटतं, पण तुम्हाला वाटणार नाही. लोक रडत होते आणि मी विचार करत होते, आला कसा? डॉक्टरीणबाईंनी परत येणार नाही असंच जवळजवळ सांगितलं होतं. पण कधी कधी एखादा वास अचानक परत येतही असेल. की दुसरं काही? मी नंतर एक तिरफळ चावून बघितलं. जिभेला झिणझिण्या येतात, ओठ बधिर होतात. त्याला नाक लागत नाही. नाक दाबून चावलं तरी तेच झालं. म्हणजे तुम्ही झिणझिण्यांवरून ओळखलं असेल. पण मग तुम्ही तसं सांगितलं असतंत. जिभेला मुंग्या आल्या, तिरफळ असणार, असं. तुम्ही तर एरवी मला नाक आणि जीभ यांचा हिशेब चुकू द्यायचा नाहीत. मग 'वास आला' का म्हणालात? मी मनाशी धरून ठेवलं होतं, की चवीच्या बाबतीत तुम्ही खोटं बोलणार नाही. त्यामुळे आला असणारच.

परवा तेराव्याला भोईरकाका आले. तुमच्या कारखान्यात भट्टीवर असायचे ते. आता तेही थकले आहेत, काठी घेऊन आले. पानावरून उठल्यावर माझ्याशी बोलत बसले. म्हणाले, "साहेबांनी माझे किती घाणे परत पाठवले, सूनबाई. कनभर मीठ जास्त पडलं की परत. मालक सोता आले तरी नाय ऐकायचे. पन दुपारी डबा उघडला की..." ते हसायला लागले. "वहिनींच्या भाजीत मीठ असं असायचं, की आम्ही एकदा चाखून लांबच बसायचो. साहेब डबा पुसून खायचे. मी एकदा इचारलं, साहेब, वहिनींना सांगत का नाय? तर म्हनाले, भोईर, इथं मी तपासायला बसतो. डबा मी जेवायला उघडतो."

"घरी काय सांगायचे ते?" मी विचारलं.

"काय सांगनार? मस्त झाली होती भाजी, असंच. रोज."

संध्याकाळी मी संदीपला विचारलं, आईंची भाजी खारट असायची का रे? तो चकित झाला. म्हणाला, "छे! आईसारखी भाजी कुणाला जमली नाही. नाना रोज म्हणायचे."

तेव्हापासून नाना, मी पुन्हा पहिल्या जागेवर आले आहे. कदाचित तुम्हाला वास आलाही असेल. कदाचित तुम्हाला दिसलं असेल, की मी कुणाला तरी विचारून, कुठून तरी मागवून, माझ्या गावाला ठाऊक नसलेली वस्तू तुमच्या पानात आणली आहे, आणि मग तुम्ही तपासायचं सोडून जेवला असाल. पहिलं असावं असं मला तुमच्यासाठी वाटतं. दुसरं असावं असं कधीकधी माझ्यासाठी वाटतं.

भोईरकाकांना मी खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले. तुम्ही मला एकदाच, नव्या कवळीसाठी गेलो होतो तेव्हा, बजावलं होतं, की नाकाचं कारखान्यातल्या कुणाला कळू देऊ नकोस. रिक्षात बसता बसता काकांनी नेमकं तेच विचारलं. "साहेबांची जीभ शेवटपर्यंत तशीच होती ना? तल्लख?"

"हो," मी म्हटलं. "गेले त्या दिवशी दुपारी जेवताना तिरफळ ओळखलं. न सांगता. दोन घासांत."

काकांचा चेहरा उजळला. रिक्षा निघाली. मी फाटकापाशी उभी राहिले. मी त्यांना खरं सांगितलं की खोटं, हे मला ठाऊक नाही, नाना. ते ठाऊक असलेले एकटे तुम्हीच.